शेताचा कोपरा कोणाचा?

शास्त्रभाग: लेवीय 19:9, 10; रूथ, अध्याय 2

सुगी उरकल्यावर शेतात सरवा वेचणाऱ्या गरीब बाया आपण पाहिल्या आहेत. मालकाने वेचू दिले तर ते त्याचे उपकार, असे पुष्कळांस वाटते. परंतु मोशेचे नियमशास्त्र तसे म्हणत नाही. शेताचे कोपरे कापू नयेत, पडलेली कणसे उचलू नयेत, ती गरीब व परदेशी यांच्यासाठी राहू द्यावीत, अशी आज्ञा आहे. कोपरा मालकाच्या बांधाच्या आत असला, तरी त्यातील पीक त्याचे नव्हे. ते घरी नेणारा केवळ कंजूष नव्हे, तर आज्ञा मोडणारा होय.

कोणी म्हणेल, "काम न करणाऱ्याने खाऊही नये, असे पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिले ना?" होय, पण ते काम करण्यास जे राजी नव्हते त्यांच्याविषयी. ज्यांचे हात चालत नाहीत त्यांच्याविषयी नव्हे. रूथ तरुण होती. ती दिवसभर वाकली, आणि बवाजाने तिला कोणी लाजवू नये अशी गड्यांस ताकीद दिली. तिच्या जवावर वृद्ध नामीही जेवली. परंतु जिच्या घरी रूथ नाही, त्या नामीने काय करावे?

ह्याचे उत्तर यरुशलेमेतील मंडळीने दिले. रोजच्या वाटणीत काही विधवांची उपेक्षा होते अशी कुरकूर उठली, तेव्हा प्रेषितांनी ती दडपली नाही. त्या कामासाठी सात सुज्ञ पुरुष निवडविले (प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6).

आपल्या देशाच्या कायद्यानेही एक कोपरा राखला आहे. 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबास दरमहा 35 किलो धान्याचा हक्क दिला. महाराष्ट्रात निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 पासून आहे. तरी धान्य दुकानात असते आणि म्हातारी अंथरुणावर. कधी एका कागदावाचून तिचे नावच यादीत चढत नाही. तिच्यासाठी कोपरा असून नसल्यासारखाच.

म्हणून उपदेशक व वडील जनहो, ह्या आठवड्यात आपल्या गावातील नामी शोधा. ती कोणत्या धर्माची, कोणत्या आळीची, हे विचारू नका. तिचा अर्ज लिहा, तिच्याबरोबर तहसील कचेरीत जा, तिचे धान्य घरी पोहोचवा. आणि परतताना, आम्ही दान केले असे म्हणू नका. जे तिचे होते तेच तिला मिळाले.