सारखेपणाचा नकाशा

पातळ तव्यावर भाकरी टाकली की गॅसच्या बर्नरचं कडं तिच्यावर उमटतं. कड्यापुरते करपल्याचे डाग, मध्ये पांढुरकी. तवा जाड बिडाचा असला तर उष्णता आतल्या आत पसरते आणि तो ठसा पुसट होतो. चिप कोरणाऱ्या यंत्रातल्या प्लाझ्माचं गाऱ्हाणं जवळजवळ हेच आहे.

तिथे क्वार्ट्झच्या झाकणावर तांब्याची चपटी, गुंडाळलेली कॉइल असते. तिच्यातून बहुधा 13.56 मेगाहर्ट्झचा प्रवाह सोडतात. खाली आर्गॉनसारखा विरळ वायू. कॉइल त्याला शिवतसुद्धा नाही. तिच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वायूत गोल फिरणारं विद्युतक्षेत्र उभं राहतं. ऐन मध्यावर ते शून्य. म्हणजे ऊर्जा मिळते झाकणाखालच्या कड्याला, आणि तरी पास्कल-दोन पास्कलच्या दाबाला वेफरच्या, म्हणजे ज्या चकतीवर चिप कोरायच्या तिच्या, पातळीवर मोजावं, तर सगळ्यांत दाट प्लाझ्मा बहुतेकदा सापडतो मध्यभागी! याचं नवल मला अजून सरत नाही. विरळ वायूत तापलेले इलेक्ट्रॉन लांबवर भटकतात, वाटेत जागोजाग आयन घडवतात. भिंतीलगतचे आयन भिंतीवर विझतात, मधले त्यामानाने टिकतात. दाब वाढवला की धडका वाढतात, भटकंती आखडते आणि कडं पुन्हा दिसू लागतं. जाड तवा पातळ झाला म्हणायचा.

नुसत्या डोळ्यांना हे उमगत नाही. खिडकीतून दिसते ती नजरेच्या रेषेवरच्या सगळ्या उजेडाची बेरीज. म्हणून आत शिरावं लागतं. ज्या अर्व्हिंग लँगम्यूरने 1928 मध्ये आयन-इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या वायूच्या या अवस्थेला ‘प्लाझ्मा’ हे नाव दिलं, त्याच्याच नावाचा प्रोब: सिरॅमिकच्या नळीतून काही मिलिमीटर डोकावणारी टंगस्टनची बारीक तार. तिचं व्होल्टेज बदलत न्यायचं, येणारा प्रवाह टिपायचा. तार सेंटिमीटरभर सरकवायची, पुन्हा टिपायचा. पण आत आलेल्या प्रत्येक वस्तूभोवती प्लाझ्मा एक पातळ, अंधारं आवरण धरतो, आणि नळीच्या अंगावरही आयन विझतात. ज्याचं माप घ्यायचं तेच आपल्या पायरवाने जरा बदलतं. यामुळेच मला हे मोजणं फार जबाबदारीचं काम वाटतं.

एवढ्या कष्टांचा शेवट बहुधा असमानतेच्या एका आकड्यात होतो: कमाल उणे किमान, भागिले सरासरीची दुप्पट. कोरल्याच्या खोलीलाही हाच आकडा लावतात. समजा, दोन वेफरवर 49-49 ठिकाणी कोरल्याची खोली मोजली आणि दोन्हीकडे चार टक्के आले. एकीवर मध्यभागी घुमट आहे, दुसरी एका अंगाला कललेली. घुमटासाठी दाबाकडे बघायचं. कललेलीसाठी आधी वायू कोणत्या बाजूने खेचला जातो ते बघायचं, मग कॉइलकडे वळायचं. कारण कॉइल कितीही गोल वळवली तरी तिला दोन टोकं असतातच. एका टोकाला व्होल्टेज जास्त, दुसऱ्याला कमी. नकाशा झाकणाखाली धरून फिरवत न्यावा, उताराची दिशा टोकांशी जुळते का ते पाहावं.