जुने बी आणि ओले फडके

(वाचावयाचा शास्त्रभाग : लूक १३:६–९)



मृग नक्षत्र जवळ आले म्हणजे उतरंड खाली काढून बी-बियाणे पाहण्याचा आपला प्रघात आहे. यंदा आमच्या घरी तळच्या गाडग्यात, राखेत पुरलेली एक पुरचुंडी सापडली. तीत मातोश्रींनी राखलेले काटेरी वांग्याचे बी होते. मातोश्री प्रभूमध्ये निद्रिस्त होऊन चार वर्षे झाली. ते वांगे आता गावात कोणाच्याच परसात उरले नाही, आणि बाजारात तर ते कधीच नव्हते. थोरले बंधू म्हणाले, "अरे, जुने बी ते! टाक उकिरड्यावर." आणि मीही टाकावयास उठलो होतो.

तेव्हा मला अंजिराच्या झाडाचा दृष्टांत आठवला. धनी तीन वर्षे फळ शोधून थकला होता, व त्याचा राग अन्यायाचा नव्हता. माळ्याने आणखी एक वर्ष मागितले. परंतु त्याने नुसती मुदत मागितली काय? नाही. आळे खणण्याचे व खत घालण्याचे काम त्याने स्वतःच्या अंगावर घेतले. आपण मुदत पुष्कळांना देतो. कुदळ मात्र हाती घेत नाही.

बी जिवंत आहे की मेले, हे वरून पाहून कोणासही सांगता येत नाही. आत निजलेला अंकुर अगदी मंदपणे श्वास घेत असतो. ओल व उष्णता लागली म्हणजे त्याची शिदोरी लवकर सरते. म्हणूनच आपल्या आया कोरडी राख व झाकलेले गाडगे वापरीत. सर्व बियांचे आयुष्यही सारखे नसते. कांद्याचे बी वर्षा-दोन वर्षांत निकामी होते, मिरची व भेंडी त्याहून थोडी अधिक टिकतात. वांगी, टोमॅटो, काकडी व भोपळा नीट ठेवल्यास चार-पाच वर्षेही उगवतात.

परीक्षा सोपी आहे. दहा दाणे मोजून घ्यावे. सुती फडके भिजवून घट्ट पिळावे, त्यावर दाणे एकमेकांस न लागतील असे मांडावे, गुंडाळी करून ताटलीखाली झाकावे व चुलीजवळच्या उबेत ठेवावे; चुलीवर नव्हे. रोज उघडून पाहावे, सुकल्यास पाणी शिंपडावे. भेंडी व भोपळ्यास आठवडा पुरे. वांगी व मिरचीस दोन आठवडे धीर धरावा. दहांत सात उगवले तर नेहमीप्रमाणे पेरावे, चार उगवले तर दुप्पट दाट. एकही न उगवल्यास ते खतात टाकावे, आणि मन खाऊ देऊ नये. घेवड्यासारखे जुने बी एकदम पाण्यात बुडवू नये. फार दिवस कोरडे राहिलेले बी एकाएकी पाणी पिऊन आतून फुटते. त्यास ओलाव्याची सवय हळूहळू लावावी लागते.

येथे उपदेशक बंधूंस एक सूचना. मिसर देशाच्या थडग्यांतील गहू हजारो वर्षांनी उगवला, ही कथा पुष्कळ व्यासपीठांवरून सांगितली जाते. ती खरी नाही, सांगू नये. खरी गोष्ट तिच्याहून थोर आहे. मृत समुद्राजवळील मसादा किल्ल्याच्या उत्खननात सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या खजुराच्या बिया मिळाल्या. २००५ साली एलेन सोलोवे या बाईंनी इस्राएलात त्यांतील तीन बिया ऊन पाण्यात भिजवून लावल्या. एक उगवली. त्या झाडास त्यांनी मथुशलह हे नाव दिले. दोन उगवल्या नाहीत, हेही लक्षात ठेवा.

आमच्या दहा दाण्यांपैकी आठ दिवस एकही हलला नाही. बंधू हसले. नवव्या दिवशी एकास पांढरी मुळी दिसली, आणि चौदाव्या दिवसापर्यंत तिघांस. मुळी मोडू नये म्हणून फडक्याचा तेवढा तुकडाच कापून मी मातीत ठेवला.

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि त्याचे कारण वांगी नव्हती. आमच्या मंडळीच्या वहीत एका मनुष्याच्या नावावर मी तीन वर्षांपूर्वी रेघ ओढली आहे. तो उपासनेस येईना, दारूस लागला असे लोक म्हणाले, आणि मी वरून पाहून निर्णय केला. त्या तीन वर्षांत मी त्याच्या दाराशी किती वेळा गेलो? एकदाही नाही. दहा दाण्यांसाठी मी रोज फडके उघडले. तो जिवंत आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. ठाऊक करून घेण्याचे कामच मी केले नाही. पहिल्या भेटीत त्यास बोधाच्या पुरात बुडवावयाचे नाही, एवढे मात्र मी घेवड्यापासून शिकलो आहे.

रोपे आता चार पानांवर आली आहेत. पहिले फळ आम्ही खाणार नाही. ते झाडावरच पिवळे होऊ देऊन बी धरावयाचे आहे. तीनांपैकी दोन रोपे आमच्या परसात लागतील. तिसरे शनिवारी मी त्या मनुष्याच्या घरी घेऊन जाणार आहे. त्याच्या मागल्या दारी पाण्याची मोरी आहे, तेथे वांगे चांगले येईल.