उतराई

सोनगीर हे गाव नदीचे नव्हे, वाटेचे. धुळ्याहून उत्तरेस निघालेला आग्रा रस्ता किल्ल्याच्या पायथ्याशी तांबटांचे ठोके ऐकत पुढे जातो आणि सावळद्यापाशी तापीला भेटतो. पूल होण्यापूर्वी भर पावसाळ्यात तेथे नाव होती म्हणून वाट होती. नावाड्याने वल्हे खाली ठेवले की त्या राजमार्गाचे सरळ दोन तुकडे पडत. तापीवरून तांब्यात भरून आणलेल्या पाण्याला आपण तीर्थ म्हणतो, ते ज्या घाटावर भरले त्यालाही तीर्थच म्हणतो, आणि वडिलांना पत्र लिहिताना मायन्यात तीर्थरूप हाच शब्द घालतो. या शब्दाचा धातू 'तॄ', म्हणजे तरणे, पार होणे. तीर्थ म्हणजे मुळात नदीचा उतार, बैल आणि माणसे पाण्यात घालण्याजोगी जागा. तेव्हा प्रश्न असा पडतो की, जेथून लोक पार जात म्हणून जी जागा पवित्र ठरली, तिचे पावित्र्य, लोकांनी पार जाण्याचा दुसरा उपाय काढल्यावर, कशाच्या आधारावर उभे राहते?

तापीच्या व्यापाराची हकीकत या प्रश्नाला मोठी अनुकूल आहे, कारण ती सरळ नाही. बऱ्हाणपूर तापीवर, फारुकी सुलतानांचे थाळनेर तापीवर, दक्षिणकाशी म्हणविणारे प्रकाशे तापीवर आणि मोगलांचे थोर बंदर सुरत हेही तापीवरच. परंतु बऱ्हाणपूरचे कापड सुरतेस गेले ते नदीतून नव्हे. खानदेशात तापी उंच दरडींच्या मधून, खडकांवरून वाहते. तिच्यावर मालाची नाव चालत नाही. सतराव्या शतकात ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून बऱ्हाणपुराकडे गेला तो नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडे अशा खुष्कीच्या मार्गानेच. नदी शेजारून वाहत होती, आणि गाठोडी वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर, ठिकठिकाणी जकात भरीत, चालत होती.

मुखाशी मात्र ती खरोखरीची व्यापारी नदी झाली. सुरत समुद्रापासून सुमारे 14 मैल आत. मोठी गलबते सुवाळीच्या खाडीत नांगर टाकीत आणि तेथून माल होड्यांनी किंवा गाड्यांनी शहरात येई. 1612 साली इंग्रज आणि पोर्तुगीज झुंजले ते याच पाण्यासाठी. 1664 आणि 1670 साली शिवाजी महाराजांनी सुरत लुटली ती याच श्रीमंतीसाठी. हाजी येथूनच मक्केला निघत, म्हणून सुरतेला मक्केचा दरवाजा म्हणत. पुढे पात्र गाळाने उथळ होत गेले, दिल्लीची सत्ता ढिली पडली, 1687 साली इंग्रजांनी आपले मुख्य ठाणे मुंबईस हलविले, आणि 1837 साली एकाच वर्षी आग आणि महापूर यांनी शहराची राहिलीसाहिली रया घालविली. नंतर ताप्ती व्हॅली रेल्वे सुरतेहून अमळनेरला आली आणि नदीकाठचा कापूस रुळांवरून गेला.

या साऱ्या इतिहासात माझे मन एका जहाजापाशी घुटमळते. 1695 साली औरंगजेब बादशहाचे 'गंज-इ-सवाई' सुरतेकडे परतत असताना हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले. त्या जहाजावर सोनेनाणेही होते आणि हज करून येणारे यात्रेकरूही होते. एकाच फळीवर व्यापार आणि तीर्थयात्रा बसलेली असताना, यातले पवित्र काय आणि अपवित्र काय, हे वादळाला किंवा चाच्याला कसे कळावे? धर्म आणि व्यवहार यांची आपण कितीही निगुतीने वाटणी केली, तरी भर पाण्यात दोघांचेही प्राण एकाच सुकाणूवाल्याच्या हातात असतात.

भेद असलाच तर तो पैलतीरी उतरल्यावर दिसतो. हिंदीत उतराई म्हणजे नावेचे भाडे. मराठीत उतराई होणे म्हणजे उपकारातून मोकळे होणे. व्यापारी भाडे देतो आणि मोकळा होतो. हिशेब पुरा, पावती खिशात. केवटाच्या कथेत मात्र नावाडीच रामाकडून उतराई घेत नाही. तुम्ही भवसागराचे नावाडी, मी गंगेचा. एका धंद्यातल्या माणसांनी एकमेकांचे भाडे घेऊ नये, असे तो म्हणतो. मला वाटते, तीर्थ म्हणजे न फिटलेली उतराई. व्यापाराला स्वस्त वाट सापडली की तो नदी सोडतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. पण ज्याची बाकी फिटलेलीच नाही त्याला दुसऱ्या वाटेने जाता येत नाही. बंदर गाळात गेले तरी सुरतेचा अश्विनीकुमार घाट ओस पडला नाही, आणि जेथे मालाची नाव कधी लागलीच नाही, तेथेही पांझरा-तापीच्या संगमावर मुडावदला आणि पूर्णा-तापीच्या संगमावर चांगदेवला लोक जातच राहिले. गंगा स्नानाने, नर्मदा दर्शनाने आणि तापी नुसत्या स्मरणाने पावन करते, अशी श्रद्धा आहे. जी नदी वाहतुकीला साफ नकार देते, तिच्या वाट्याला स्मरण यावे, यात मला थोडी गंमतही वाटते.

पण एक गोष्ट या श्रद्धेच्या खाती नावे टाकलीच पाहिजे. तरीचा मक्ता सरकारजमा झाला, दक्षिणा पुजाऱ्याकडे गेली; ज्या भोयांनी आणि कोळ्यांनी पुरात नाव घातली त्यांची उतराई कोणाच्याच वहीत नाही. पुलावरून जाताना आपण नदीत नाणे टाकतो, ते घ्यायला आता खाली कोणी उभा नसतो.

2016 च्या कायद्याने देशातले 111 जलमार्ग राष्ट्रीय ठरले. त्यांत तापीचा क्रमांक 100 आहे. सुलवाडे, सारंगखेडे आणि प्रकाशे येथे तिच्यावर आडवे बंधारे उभे आहेत, आणि खानदेशात मालाची नाव अजून आलेली नाही.