सेल्फ बदलण्याआधी

वलगावात एक शेतकरी राहत होता. पेढी नदीच्या बाजूला काळी जमीन, विहिरीवर ओलित, घरी एक जुनी डिझेल जीप आणि दर पाडव्याला ज्याचं साल पुढे चाले असा एक सालदार. जीप पहाटे सांभार, मेथी, वांगी घेऊन अमरावतीच्या बाजारात जायची. सालदार मागे शेत सांभाळायचा. दोघंही वर्षानुवर्षं बिनबोभाट चालत आले होते, म्हणून दोघांकडेही कुणाचं फारसं लक्ष नव्हतं.

डिसेंबर लागला, थंडी पडली आणि दोघंही एकाच आठवड्यात अडखळले. पहाटे चावी फिरवली की जीपमधून नुसता ‘कट’ असा आवाज यायचा आणि पुढे काही नाही. शेजारच्या पोरांनी धक्का मारला की मगच इंजिन लागायचं. तिकडे सालदार भरदुपारी धुऱ्यावर झोपलेला सापडला.

शेतकऱ्याने दोघांचाही निकाल एका दमात लावला. “सेल्फ गेला, नवा टाकू. अन् ह्या गड्याचं साल पाडव्याले सोडून देऊ. झिजले दोघंही.”

मुलगा हाताने कामाचा होता. “बाबा, सेल्फ मी घरीच बदलतो,” म्हणाला. अमरावतीहून नवा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, आला. दुकानदाराने आधीच बजावलं होतं की इलेक्ट्रिकचा माल परत होत नाही.

रविवारी अंगणात काम सुरू झालं. पोराने रीत सोडली नाही. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, कारण ती जोडलेली असताना पाना पॉझिटिव्हवरून निसटून बॉडीला लागला तर ठिणग्यांचा भडका उडतो. जीप जॅकवर घेतली. पण नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली न शिरता चॅसीखाली स्टँड लावले, मागच्या चाकांना दगड दिले. सेल्फच्या दोन्ही वायरींना खुणेचे दोरे बांधले, बोल्ट सैल केले आणि शेवटचा बोल्ट निघताना ते जड धूड दुसऱ्या हाताने तोलून धरलं. नवा सेल्फ बसवला, बोल्ट आवळले, बॅटरी जोडली आणि चावी फिरवली.

कट.

पुन्हा फिरवली. पुन्हा कट.

एवढ्यात गल्लीतले काका आले. एसटीच्या डेपोत गाड्यांच्या वायरिंगचं काम करून ते निवृत्त झाले होते.

“काय करून राह्यला गा?”

“सेल्फ बदलला, काका. पण नवाही उचलून नाही राह्यला.”

“जुना कुठी हाये?”

“भंगारात द्याले ठेवला.”

“आण इकडं.”

काकांनी जुना सेल्फ जमिनीवर आडवा ठेवून पायाखाली घट्ट दाबला आणि दुसऱ्या एका बॅटरीवरून जाड केबलने त्याला करंट दिला. त्यासरशी दात्यांचं चाक टणकन पुढे झेपावलं आणि सेल्फ घूं करून असा फिरला, की काकांचा पाय हलला.

“हा तर धडधाकट हाये,” काका म्हणाले.

शेतकऱ्याचं तोंड उतरलं. “पण काका, बॅटरी नवी, लाईट झकास लागतात. मंग सेल्फ नाही तर दुसरं काय?”

“लाईट झकास लागतात, तिथंच तुम्ही फसले.”

मग काकांनी समजावून सांगितलं. पुढचे दोन्ही दिवे मिळून दहाएक अँपिअर करंट घेतात. डिझेल इंजिन थंडीत फिरवायला सेल्फला दोनशे अँपिअर किंवा त्याहूनही जास्त लागतो. वाटेत एखादा सांधा गंजलेला असेल तर दिव्यांपुरता करंट त्यातून सहज जातो. सेल्फने जोर मागितला की मात्र तोच सांधा त्याचा गळा दाबतो. तुषार सिंचनाच्या पाइपात कचरा अडकला तर एक नोझल चालतं, पण सगळी उघडली की एकही धड फिरत नाही, तसंच हे. म्हणून गाडीतला दोष कुठेही असो, दिसतो तो सेल्फमध्ये.

या यंत्राची घडणच तशी आहे. पूर्वी गाड्या हँडल फिरवून सुरू करत. हँडल उलटं फिरलं की माणसाचा हात मोडायचा. 1911 साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने विजेवर चालणारा सेल्फ तयार केला आणि 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये तो बसला. केटरिंगने हेरलं ते एवढंच, की ज्या मोटरला काही सेकंदच काम करायचं आहे, तिच्यावर तिच्या आकाराच्या मानाने कितीतरी जास्त भार टाकता येतो. गाडीतला सगळ्यात मोठा भार त्या छोट्या मोटरवर आला तो तेव्हापासून.

काकांनी मल्टीमीटर मागितला. एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, दुसरी थेट इंजिनच्या लोखंडावर धरली. “आता मार सेल्फ.” पोराने चावी फिरवली. काटा चार व्होल्टच्या पुढे गेला.

“पाह्य. बारातले चार वाटेतच खलास. हिथं अर्धा व्होल्टही लय झाला. अन् ही जायची वाट नाही, परतीची हाये. जायची वाट सगळे पाह्यतात.”

इंजिन रबराच्या गुटक्यांवर बसलेलं असतं. त्यामुळे करंट परत फिरायला इंजिनपासून चॅसीपर्यंत तांब्याच्या तारांची एक विणलेली पट्टी असते. पोराने खाली वाकून पाहिलं. पट्टीवर पावसाळ्याचा चिखल थापला होता, टोकाशी हिरवट गंज चढला होता, अर्ध्याअधिक तारा तुटल्या होत्या. किमतीने ती नव्या सेल्फच्या पासंगालाही पुरली नसती. त्याने ती काढून नवी पट्टी आणली. चॅसीवरची जागा काचकागदाने पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासली, बोल्ट आवळून वरून ग्रीस लावलं. काकांच्या सांगण्यावरून जुनाच सेल्फ परत बसवला. चावी फिरली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं.

हात पुसत काका म्हणाले, “येत्या 20 तारखेले गाडगेबाबांची पुण्यतिथी. छप्पन साली अमरावतीले जाता जाता आपल्याच गावापाशी, पेढीवर त्यायनं देह ठेवला. बाबा कोण्याही गावात गेले का आधी खराटा घेत, कीर्तन मंग. आपण उलटं करतो. आधी बोलतो, अन् खराटा त हातात धरतच नाही.”

शेतकरी काही बोलला नाही. पण रात्री जेवण झाल्यावर तो टॉर्च घेऊन शेतात गेला. त्या आठवड्यात शेतीच्या लाईनची पाळी रात्रीची होती. हरभऱ्यात सालदार फावडं घेऊन एकटाच पाणी फिरवत होता. गुडघ्यापर्यंत चिखल, अंगावर एक जुनं घोंगडं. पहाटे लाईट गेली की हा घरी जाणार आणि सहाला त्यालाच भाजी तोडायला बोलावणं येणार. हे शेतकऱ्याला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याने त्याचा कधी हिशेब मांडला नव्हता.

“रात्रीही तूच, दिवसाही तूच. मले सांगतलं काहून नाही?”

सालदार फावड्यावर टेकला. “सांगतलं होतं, पाटील. दोनदा सांगतलं. तुम्ही म्हणे, पाहू.”

शेतकऱ्याला ते आठवलं. हुकूम घरून शेतात रोज जात होते, शेतातून परत आलेला शब्द मात्र ओट्यावरच अडत होता. दिवसाच्या पाळीत हाच माणूस कधी कमी पडला नव्हता. भार दुप्पट झाला, तेव्हाच तो उणा दिसला आणि आपण त्याला झिजला म्हणून मोकळे झालो.

दुसऱ्या दिवशी त्याने व्यवस्था बदलली. रात्रीच्या ओलिताला दुसरा माणूस लावून रात्री वाटून दिल्या. ज्याची रात्र, त्याला दुपारपर्यंत सुटी आणि रात्रीच्या कामाची मजुरी वेगळी. महिनाभरात भाजीची तोडणी पुन्हा वेळेवर होऊ लागली. पाडव्याला त्याने सालदाराचं साल रक्कम वाढवून पुढे चालवलं. नवा सेल्फ घरात पडून राहिला. त्याच्या पैशाबद्दल कुणी हळहळलं, की शेतकरी म्हणायचा, “स्वस्तात शिकलो. माणूस बदलला असता तर महागात पडलं असतं.”

बोध: सगळ्यात मोठा भार जो उचलतो, घरातली आणि कामातली प्रत्येक उणीव आधी त्याच्याच अंगावर दिसते. म्हणून त्याला निकामी ठरवण्याआधी त्याच्यापर्यंत काय पोचतं ते मोजा आणि त्याचं म्हणणं आपल्यापर्यंत परत येण्याची वाट साफ ठेवा.