दाढेपलीकडचे सांगणे

इटालियन शिकणाऱ्याने दंतवैद्याकडे जाण्यापूर्वी पाठ करावयाच्या वाक्यांत दाढ दुखत असल्याचे वाक्य सर्वांत कमी महत्त्वाचे मानावे लागते, कारण दुखरी दाढ बोटानेही दाखवता येते. ‘ओ इल दियाबेते’, म्हणजे ‘मला मधुमेह आहे’, किंवा ‘सोनो आल्लेर्जिको आल्ला पेनिचिल्लीना’, म्हणजे ‘मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे’, हे मात्र बोटाने दाखवता येत नाही, आणि एकदा तोंडात कापसाचे बोळे व आरसा गेल्यावर ते कोणत्याच भाषेत धडपणे बोलता येत नाही.

ही अडचण केवळ परभाषेची आहे असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. मुंबई–हावडा लोहमार्गावरील भंडारा रोड हे स्थानक ज्या वरठी गावात आहे, तेथील झाडीबोली बोलणारा शेतकरी असो की पोलाद कारखान्यातला हिंदी भाषक कामगार, दोघांनाही डॉक्टरची भाषा कळते. तरीही ‘काही आजार आहे का?’ या प्रश्नाला बीपीची गोळी रोज घेणारा माणूस प्रामाणिकपणे ‘काही नाही’ असे उत्तर देऊ शकतो, कारण गोळीने आटोक्यात असलेले दुखणे त्याच्या लेखी आजारच नसते आणि दाताशी त्याचा काही संबंध असेल हे त्याच्या मनातही येत नाही. ‘रोज कोणत्या गोळ्या घेता?’ असे विचारले की तोच माणूस खिशातून गोळ्यांची पट्टी काढून दाखवतो.

त्या पट्टीवरून पुष्कळ काही ठरते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दाढ काढल्यावर रक्त लवकर थांबत नाही, पण ती परस्पर बंद करणे हृदयरोग्याला अधिक धोक्याचे ठरू शकते. ॲम्लोडिपिन या रक्तदाबाच्या औषधाने काहींच्या हिरड्या सुजून वाढतात. आणि शुगर आटोक्यात नसेल तर जखम भरायला वेळ लागतो. हृदयात कृत्रिम झडप असलेल्याला दाढ काढण्याआधीच प्रतिजैविक द्यावे लागते, नाहीतर हिरडीतून रक्तात शिरलेले जंतू त्या झडपेवर ठाण मांडू शकतात.

पूर्व विदर्भात याखेरीज सिकलसेलचा विचार करावा लागतो. हा आनुवंशिक रक्तदोष असून त्यात प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये १९५८ साली छापून आला, राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू व्हायला मात्र २०२३ साल उजाडावे लागले. जबड्याच्या हाडातला रक्तपुरवठा असा तुंबला तर एकही दात किडलेला नसताना दाढ ठणकल्यासारखी वेदना होते, आणि सिकलसेल असल्याचे डॉक्टरला ठाऊक नसेल तर धडधाकट दाढेवर उपचार होण्याची भीती असते. अशा रुग्णाने इटलीत ‘ओ ला द्रेपानोचितोसी’, म्हणजे ‘मला सिकलसेल आहे’, एवढे सांगितले तरी पुरते. सिसिलीत तर हा आजार स्थानिक कुटुंबांतही आढळतो, तेव्हा तिथल्या डॉक्टरला भंडाऱ्याच्या रुग्णाचे दुखणे अपरिचित वाटण्याचे कारण नाही.

खर्रा खाण्याची गोष्ट नकळत सांगायच्या राहून जाणाऱ्या आजारांच्या उलट आहे, कारण रुग्ण ती जाणूनबुजून लपवतो. पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेल्या या मिश्रणातल्या सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा कडक होत जाते. या विकाराला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात आणि त्यातून पुढे कर्करोगही उद्भवू शकतो. तोंडात दोन बोटेही जेमतेम शिरत असतील तर दाढ काढण्याचा चिमटा आत घालणेच मुश्कील होते, आणि अशा वेळी खर्रा खाता का, असे विचारण्यापेक्षा दिवसाला किती पुड्या लागतात, असे विचारणारा डॉक्टर खऱ्या उत्तराच्या अधिक जवळ पोहोचतो.