तळघरातला इतिहास कुणाचा?

जुन्या, नामवंत हॉटेलात एका रात्रीचे पैसे मोजताना आपण नक्की काय विकत घेतो? गादी, नाश्ता, वायफाय तर बऱ्याच कमी पैशांत दुसरीकडेही मिळतं. वरचे पैसे इतिहासाचे असतात. मग हा इतिहास विकायचा हक्क हॉटेलला आहे का?

व्हिएतनामची राजधानी हनोईमधलं मेट्रोपोल घ्या. फ्रेंच राजवटीत, १९०१ साली ते सुरू झालं. चार्ली चॅप्लिन आणि ग्रॅहम ग्रीन इथे उतरले होते, आज त्यांच्या नावाचे स्वीट आहेत. पण सगळ्यात जास्त चर्चा होते ती तळघराची. अमेरिकी बॉम्बहल्ल्यांच्या काळात पाहुण्यांसाठी इथे बंकर बांधला होता. डिसेंबर १९७२ मध्ये गायिका जोन बाएझ तिथे लपली होती. पुढे तो बुजवला गेला, विसरला गेला आणि २०११ मध्ये बारच्या कामात पुन्हा सापडला. आता तो पाहुण्यांना दाखवतात.

पहिली प्रतिक्रिया साहजिक आहे: लोकांच्या भीतीचं पर्यटन करायचं? मला हा आक्षेप अर्धाच पटतो. जपणूक फुकट होत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथेही जुना डेटा ठेवायचा तर स्टोरेजचं बिल कुणीतरी भरावं लागतं, नाहीतर तो उडतो. त्या बंकरमध्ये कुणालाच रस नसता, तर तिथलं पाणी उपसून तो उघडा ठेवायची तसदी कुणी घेतली असती?

खरी अडचण पुढे आहे. ज्याचं बिल भरलं जातं तेवढंच उरतं. पाहुण्यांना काँक्रीटचा बंकर होता, तेव्हा रस्त्यावरच्या माणसासाठी फूटपाथमध्ये एकेकट्यापुरते गोल खड्डे होते, वर झाकण. २६ डिसेंबरच्या रात्री हॉटेलपासून दोन-तीन किलोमीटरवरच्या खाम थिएन रस्त्यावर बॉम्ब पडले आणि दोनशेहून जास्त माणसं मेली. त्या खड्ड्यांना कुणाचं नाव नाही. तेव्हा सुरक्षितता वाटताना जो फरक झाला, तोच आज आठवण जपताना होतोय.

म्हणून मग तिथे राहूच नये का? मला तसं वाटत नाही. न राहिल्यानं खाम थिएनच्या कुणाचं भलं होत नाही, उलट रूम आवरणाऱ्यांचा रोजगार तेवढा कमी होतो. पण इतिहासाचे पैसे मोजलेत, तर तो अर्धा घेऊन परत येऊ नये. खाम थिएनवर एक छोटं स्मारक आहे: मेलेलं मूल हातात घेतलेली आई. हॉटेलातून टॅक्सीनं थोडाच वेळ लागतो.

तिथे गेल्यानं आपण चांगले ठरतो असं नाही. फक्त बंकरमध्ये काढलेला सेल्फी बघताना, त्याच डिसेंबरात झाकणाखाली एकटं कोण बसलं होतं, हे निदान माहीत असतं.