तेरांतले सहा

देनी व्हिलन्यव्हच्या 2021 च्या ‘ड्यून’मध्ये एक छोटंसं दृश्य आहे. सालुसा सेकंडस नावाच्या ग्रहावर पाऊस कोसळतोय. चिलखती सैनिकांच्या रांगाच्या रांगा गुडघे टेकून बसल्या आहेत. उंचावर उभा असलेला पुरोहित घशातून घुमणाऱ्या आवाजात मंत्र म्हणतोय आणि खाली उलट्या टांगलेल्या माणसांचं रक्त सैनिकांच्या कपाळाला लावलं जातंय. हे सार्दोकार. पादिशाह सम्राटाची ही फौज कुठून येते हे कुणाला ठाऊक नाही, पण तिच्या नावाने सगळी सरदार घराणी चळाचळा कापतात. आता या दृश्याचे तुकडे भरतीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीत असलेल्या मुलांच्या फोनवर फिरतात. सोबतचा मजकूर असतो हाल सोसणाराच जिंकतो अशा अर्थाचा. त्याच्या जोडीला मायकेल हॉफ यांच्या 2016 च्या कादंबरीमुळे जगभर पसरलेलं ते चक्र असतंच: कठीण काळ, कणखर माणसं, सुखाचा काळ, दुबळी माणसं, की पुन्हा कठीण काळ.

मुलांना असं काही शिकवलं जाताना पाहून मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. हाल हे शिक्षण आहे, असं सांगणारा माणूस हाल कमी करण्याच्या जबाबदारीतून आधी स्वतःला मोकळं करून घेतो. वसतिगृहात पाणी नसेल, मेसमध्ये धड जेवण नसेल, तर तीही तयारीच. त्यातून हे सगळं फ्रँक हर्बर्टच्या नावावर खपवलं जातं, याचं जास्त वाईट वाटतं. कारण या समजुतीविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा त्याच्याच कादंबरीत आहे.

कल्पना जुनी आहे. इसवी सन 98 च्या सुमारास टॅसिटसने जर्मन टोळ्यांचं वर्णन केलं ते रोमच्या ऐषारामाला चपराक म्हणून. 1776 पासून गिबनने तोच धागा रोमच्या ऱ्हासापर्यंत नेला. एकोणिसाव्या शतकातल्या साम्राज्यवाद्यांनी ‘लढवय्या जमाती’ ठरवून त्यांच्या पलटणी उभ्या केल्या. या टप्प्यांवर फारसा वाद नाही, म्हणून मी तिथे थांबत नाही. थांबायला हवं ते अरब इतिहासकार इब्न खल्दूनपाशी. खरं वळण तिथे आहे, आणि ते नीट पाहिलं जात नाही.

1377 मध्ये ‘मुकद्दिमा’ लिहिताना इब्न खल्दून जे म्हणाला ते सगळ्यांना तोंडपाठ आहे. वाळवंटातल्या टोळ्यांमध्ये ‘असबिय्या’ असते, म्हणजे एकमेकांसाठी जीव टाकण्याची घट्ट बांधिलकी. त्या बळावर त्या शहर जिंकतात, शहरात सैलावतात, आणि तीन-चार पिढ्यांत पुढच्या टोळीपुढे हरतात. इथे वाळवंट कुणी मुद्दाम निर्माण केलेलं नाही. ते हाल त्या माणसांचे स्वतःचे आहेत आणि ती बांधिलकीही त्यांची स्वतःची, नात्यागोत्याची आहे.

पण 1382 मध्ये तो इजिप्तला आला आणि 1406 मध्ये मरेपर्यंत बहुतेक काळ तिथेच राहिला. तिथे राज्य होतं मामलुकांचं. हे किपचाक आणि चर्केस मुलखांतून लहानपणी विकत आणलेले गुलाम, बराकीत वाढवून घोडेस्वार केलेले. याच फौजेने 1260 मध्ये ऐन जालूतला मंगोलांना थोपवलं होतं. इब्न खल्दूनने या व्यवस्थेची मनापासून स्तुती केली. भटक्यांचा ताजेपणा इस्लामच्या मदतीला देवानेच पाठवला, असं त्याला वाटलं. माझ्या मते कल्पनेने कूस बदलली ती इथे. आतापर्यंत वाळवंट हा टोळीचा इतिहास होता, आता तो बाजारात मिळणारा माल झाला. दारिद्र्य दुसऱ्याच्या मुलखात पिकायचं आणि त्याचं फळ सुलतानाने विकत घ्यायचं. उस्मानी सुलतानांनी बाल्कन प्रदेशातली ख्रिस्ती मुलं गोळा करून जॅनिसरी उभे केले, तो याच वाटेवरचा पुढचा टप्पा. (त्याच जॅनिसरींच्या बराकींवर 1826 मध्ये दुसऱ्या महमूदने तोफा डागल्या.) दोन्ही ठिकाणी हाल आणि सैनिक यांच्यामध्ये एक मालक उभा आहे. खिशात पैसे असलेला, हिशेब करणारा मालक. आज चक्राची भाषा बोलणारे इब्न खल्दूनच्या टोळीचं उदाहरण देतात, पण त्यांना हवी असते ती मामलुकांची बराक.

हर्बर्टची 1965 ची कादंबरी या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवते. अराकिस या वाळवंटी ग्रहावरचे फ्रेमेन म्हणजे टोळी आणि सार्दोकार म्हणजे बराक. फरक एवढाच, की सम्राट बराकीसाठी मुलं बाहेरून आणत नाही. त्याने एक अख्खा ग्रह नरक करून ठेवला आहे, आणि तोही आपल्याच घराण्याचा मूळ ग्रह. दरबार काइटेन ग्रहावर हलल्यावर सालुसा सेकंडस हा शाही तुरुंग झाला. पुस्तकाच्या शेवटच्या शब्दसूचीत एक आकडा आहे. सार्दोकार ज्या परिस्थितीत वाढतात, तिथे वयाच्या अकराव्या वर्षाआधी तेरांपैकी सहा जण मरतात. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रांत उरलेले सात दिसतात. जी शाळा आपल्या जवळजवळ निम्म्या मुलांना मारते, तिच्या निकालाचं कौतुक करण्याआधी त्या सहांची नावं विचारायला हवीत.

हे गुपित उलगडतं कुठे, तेही पाहण्यासारखं आहे. वाळवंटात नाही, तुरुंगात नाही, तर अराकिसचा ताबा असलेल्या बॅरन हार्कोननच्या महालात. त्याचा सल्लागार थूफिर हवात त्याला एकेक धागा जोडून दाखवतो. नव्या कैद्यांमधलं मृत्यूचं प्रमाण 60 टक्क्यांहून जास्त आहे, तिथे जुलमाचा प्रत्येक प्रकार चालतो, कोणत्याही घराण्याला हा तुरुंग पाहू दिला जात नाही, आणि तरी कुणी प्रश्न विचारत नाही. मग तो विचारतो, की अशा जागी तगलेल्या माणसांचं काय करता येईल? आणि इथे आजचे वाचक जे गाळतात ते येतं. नुसत्या हालांनी फौज होत नाही, हे हवात आणि बॅरन दोघेही जाणून आहेत. आपण इतरांपेक्षा वरचे आहोत ही खात्री लागते, गुप्त कराराचं गूढ वलय लागतं, सोबत सोसल्याचा अभिमान लागतो. शिवाय बक्षीस लागतं. साधा सार्दोकारसुद्धा बड्या घराण्यातल्या माणसासारखा श्रीमंतीत राहतो. म्हणजे सालुसा सेकंडसवरून बाहेर पडायचा एकच दरवाजा आहे, आणि त्याची किल्ली सम्राटाकडे आहे. ज्याने कोंडलं त्यालाच सोडवणारा मानायला लावण्याची ही पद्धत आहे. तिला मी चारित्र्यघडण म्हणणार नाही.

बॅरनला हे सगळं ऐकून कैद्यांची कणव येत नाही. अराकिसचा असाच उपयोग होईल का, एवढंच त्याच्या डोक्यात फिरू लागतं. त्याआधी सम्राटाच्या माणसाशी बोलताना अराकिसचा तुरुंग करण्याची गोष्ट तो सहज बोलून गेलेला असतो, आणि तेवढ्यानेच सम्राट सावध झालेला असतो. हालांचं तत्त्वज्ञान इथे अशी माणसं मांडतात, ज्यांनी ते कधी सोसलेले नसतात.

यावर उत्तर येतं, की सार्दोकारांना हरवलं ते त्यांच्याहून जास्त हाल सोसलेल्या फ्रेमेननीच ना? ‘फ्रेमेन हे जास्त कडक सार्दोकार’ हाच या कादंबरीचा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत चुकीचा अर्थ. सम्राट पाच वाहनं भरून सैनिक दक्षिणेकडे पाठवतो, कैदी पकडून आणायला. परत येतं एक वाहन आणि तीन कैदी. हा मार खाल्लेला असतो बायका, मुलं आणि म्हाताऱ्यांच्या हातून. त्यांना कुणी भरती केलेलं नव्हतं, त्यांच्या घरावर चाल झाली होती. आणि त्यांच्याकडे सार्दोकारांजवळ नसलेली एक गोष्ट होती. पार्डोट काइन्स या पर्यावरणशास्त्रज्ञाने त्यांना सांगितलं होतं, की हा ग्रह हिरवा होऊ शकतो, पण त्याला 300 ते 500 वर्षं लागतील. आपल्या हयातीत दिसणार नाही हे माहीत असून ती माणसं खडकाखालच्या कुंडांत पाणी साठवत गेली. मेलेल्याच्या देहातलं पाणीसुद्धा टोळीच्या हिशेबात जमा होतं. त्यांच्या शिस्तीला अर्थ होता तो हाल संपवण्याचा. आपल्या नातवंडांनी आपल्यासारखं कणखर व्हावं अशी त्यांची इच्छा नव्हती. त्यांना झाडाखाली बसता यावं, एवढीच होती.

माझ्या म्हणण्यातली अडचण मला ठाऊक आहे. 1981 च्या ‘गॉड एम्परर ऑफ ड्यून’मध्ये ग्रह हिरवा झाला आहे आणि फ्रेमेन संग्रहालयातल्या वस्तू झाले आहेत. जुने विधी पाठ करायचे, अर्थ विसरलेला. हर्बर्ट स्वतः त्या चक्राकडे ओढला जात होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पडझड कशाने सुरू झाली, याचा क्रम त्याने चोख लिहिला आहे. 1969 च्या ‘ड्यून मसाया’पर्यंत कथेत जेमतेम बारा वर्षं उलटली आहेत आणि अराकिस अजून बहुतांशी वाळवंटच आहे. तरी फ्रेमेन आतून खचलेले आहेत. त्यांना पाण्याने बिघडवलेलं नाही. त्यांचा पुढारी झालेल्या सरदारपुत्र पॉलच्या नावाने लढलेल्या, 61 अब्ज माणसं मारणाऱ्या धर्मयुद्धाने बिघडवलं आहे. फारोक नावाचा म्हातारा सैनिक सांगतो, की आपण युद्धावर गेलो ते समुद्र नावाची गोष्ट पाहायला. एका परक्या ग्रहावर तो समुद्रात उतरतो आणि बाहेर येतो तेव्हा धर्मयुद्धाची बाधा उतरलेली असते. त्याचा मुलगा युद्धातून आंधळा होऊन परततो, आणि तो स्वतः सम्राट झालेल्या पॉलविरुद्धच्या कटात सामील होतो. वाळवंटात मोठा झालेला हा माणूस वाळवंट सुटल्यामुळे कोसळत नाही. त्याला दुसऱ्याचा सार्दोकार केलं गेलं, म्हणून कोसळतो.

आपल्याकडेही ‘सह्याद्रीने मावळा घडवला’ असं सहज म्हटलं जातं. कडे आणि दऱ्या तर 1630-32 च्या दुष्काळातही होत्याच, आणि त्या दुष्काळाने गावंच्या गावं ओस पाडली. पुढे शिवाजी महाराजांनी 1676 मध्ये प्रभावळीच्या सुभेदाराला लिहिलेलं पत्र वाचावं. ज्या कुणब्याकडे बैल नाहीत त्याला बैल द्या, खायला दाणे नाहीत त्याला दाणे द्या, असा त्यातला आग्रह आहे. रयत उपाशी राहिली तर काटक होईल, असा विचार त्या पत्राच्या आसपासही फिरकत नाही.

‘ड्यून’च्या अखेरीस पॉल पराभूत सम्राट शद्दामला सालुसा सेकंडसवरच धाडतो आणि त्या ग्रहाची बाग करून टाकीन, असं त्याला ऐकवतो. चक्रवाले याला आपला शेवटचा पुरावा मानतात: बघा, शत्रूची फौज मोडायची तर तिच्या मुलखात सुख पेरा. पॉलचा हिशेब तसाच होता, यात शंका नाही. पण तिथले कैदी दरबार हलल्यापासून पिढ्यान्‌पिढ्या मरत आले होते. हिरवळ त्यांनाही मिळायला हवी, असं त्या साऱ्या काळात कोणत्याही घराण्याच्या मनात आलं नाही. ते आश्वासन मिळालं तेही त्यांना नाही, त्यांच्या मालकाला, आणि धमकी म्हणून. पॉलही राजवाड्यातच वाढला होता.